सहावा वाटेकरी

डिसेंबरच्या मध्यावर पेण-रोह्याकडची खाचरं मोकळी झालेली असतात. भात झोडून घरात आलेलं, जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल तरारलेला. शेंगा भरल्या की भांबुर्डीचा पाला घातलेली मडकी शेतात उपडी पडणार आणि पोपटीचा वास वस्तीभर सुटणार. याच सुमारास घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात. रिकाम्या खाचरात वाघर लावून कळप बसवायचा आणि रात्रभर राखण करायची. लेंड्यांचं खत शेताला मिळतं, त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो, मग मुक्काम पुढच्या शेतात. लूकच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्माची बातमी सगळ्यांत आधी ज्यांना कळते, ते लोक नेमकं हेच करत होते: रात्रीच्या थंडीत उघड्यावर मेंढरं राखत होते. हेरोद राजाला आधी कळलं नाही, मंदिरातल्या याजकांनाही नाही. कळलं ते गावाबाहेर झोपणाऱ्यांना. रायगडातल्या ख्रिस्ती माणसाला हा प्रसंग समजून घ्यायला फार लांब जावं लागत नाही. नाताळच्या आठवड्यात मुंबई-गोवा महामार्ग सोडून थोडं आत वळलं तरी पुरे.

तसे इथे ख्रिस्ती लोक थोडे. पेण ओळखलं जातं गणपतीच्या मूर्तींमुळे, पोह्या-पापडांमुळे. रोह्याचं नाव निघालं की कुंडलिका नदी आणि धाटावची औद्योगिक वसाहत आठवते. धाटावचे रासायनिक कारखाने, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, डोलवीचा पोलाद कारखाना यांच्या आधाराने केरळ, तमिळनाडू, गोवा, मंगळूर, वसई अशा ठिकठिकाणची ख्रिस्ती कुटुंबं इकडे येऊन राहिली. त्यांच्या नाताळात चार भाषांतली गीतं असतात, आणि कारखान्याची पाळी सांभाळून मध्यरात्रीच्या मिस्सेला पोचायची धडपडही. पण याच कुंडलिकेच्या काठाने खाली, ती रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते तिथवर गेलं की एक फार जुना नाताळ भेटतो.

खाडीपलीकडचं कोर्लई. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी चौलला ठाणं वसवलं, १५९४ साली कोर्लईचा डोंगरही निजामशाहीकडून घेतला. १७४० मध्ये हा मुलूख मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज अंमल संपला. अधिकारी, सरदार, पैसेवाले निघून गेले. मागे राहिले ते इथलेच, बाटलेले, बहुतेक गरीब लोक. आज त्या गावात माउंट कार्मेल मातेचं चर्च आहे आणि पोर्तुगीज व मराठी यांच्या मिसळणीतून घडलेली एक स्वतंत्र बोली आहे. ती जेमतेम हजारभर लोक बोलतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर १९९६ साली पुस्तकच लिहिलं. अभ्यासकांना आश्चर्य वाटतं ते बोली टिकल्याचं. मला अधिक नवल वाटतं ते सण टिकल्याचं. ज्यांनी धर्म आणला ते साहेब अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी गेले, त्यांच्याबरोबर सत्ता गेली, मानमरातब गेला, तरी गोठ्यात जन्मलेल्या बाळाचा सण साजरा करायला या लोकांना कोणाच्या आश्रयाची गरज पडली नाही.

नाताळच्या आनंदाबद्दल बोलायचं तर इथूनच बोलायला हवं, कारण या सणाभोवती आता एवढी रोषणाई झाली आहे की मूळ गोष्ट किती अवघड परिस्थितीत घडते हे विसरायला होतं. परक्या बादशहाने शिरगणतीचं फर्मान काढलेलं. त्यापायी दिवस भरत आलेली बाई प्रवासाला निघालेली. उतरायला जागा नाही. बाळंतपण झालं आणि बाळाला निजवलं जनावरांच्या गव्हाणीत. मॅथ्यूच्या शुभवर्तमानात तर पुढे हेरोदाने केलेली बालहत्या आहे आणि रातोरात इजिप्तला पळून जाणारं निर्वासित कुटुंब आहे. हे सगळं नेमकं कोणत्या तारखेला झालं ते दोन्ही ग्रंथ सांगत नाहीत. पंचवीस डिसेंबरचा सर्वांत जुना उल्लेख रोममधला, इसवी सन ३३६ चा. म्हणजे तारीख नंतरची, पण आनंदाची घोषणा मात्र मुळातली, आणि ती अशा भोवतालात केलेली. सगळं ठीकठाक झाल्यावर येणारा आनंद नव्हे हा. अडचणीच्या मधोमध कोणीतरी आपल्यात राहायला आलं, याचा आनंद आहे.

म्हणूनच ज्यांच्या घरात त्या वर्षी माणूस गेलेलं असतं, नोकरी सुटलेली असते, त्यांनी नाताळात हसरा चेहरा करून फिरलंच पाहिजे असा काही दंडक या गोष्टीत नाही. उलट ही गोष्ट त्यांच्या जास्त जवळची. चर्चमध्ये मात्र आपण अशांना शेवटच्या बाकावर एकटं सोडतो आणि पुढे येऊन टाळ्या वाजवणाऱ्यांचे फोटो काढतो.

आता देण्याकडे. नाताळातल्या भेटींचं मूळ सहसा पूर्वेकडच्या त्या ज्ञानी लोकांत शोधलं जातं. सोनं, ऊद आणि गंधरस घेऊन ते आले. बाळंतिणीच्या घरी या भेटी! आपल्याकडची कोणतीही आजी म्हणाली असती, अरे, चार डिंकाचे लाडू, थोडे अळीव आणि जुन्या मऊ लुगड्याची दुपटी आणली असती तर. गंधरस तर प्रेताला लावायचं द्रव्य. धर्मशास्त्री या भेटींचा अर्थ लावतात: सोनं राजाला, ऊद देवाला, गंधरस ज्याला मरायचं आहे त्याला. अर्थ सुंदर आहे, पण प्रत्येक भेटीला असा भाष्यकार मिळत नाही. जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना विचारलं, तुम्हाला नाताळात मिळालेल्या वस्तू स्वतः घ्यायच्या झाल्या तर किती पैसे मोजाल? उत्तरं मिळवल्यावर दिसलं की देणाऱ्याने खर्च केलेल्या रकमेतला दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंतचा भाग घेणाऱ्याच्या लेखी वायाच जातो. लांबच्या नातेवाइकांच्या भेटी सर्वांत फुकट. कारण उघड आहे, त्यांना आपण ठाऊकच नसतो. आपल्याकडे लग्नात आलेली आठ भिंतीवरची घड्याळं माळ्यावर टाकणाऱ्यांना हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही, पण मुद्दा ध्यानात ठेवण्यासारखा आहे: देणं फसतं ते बहुधा ओळखीच्या अभावी. पैसा कमी पडला म्हणून क्वचितच.

ओळख असलेलं देणं कसं असतं, याची ख्रिस्ती परंपरेतली गाजलेली कथा संत निकोलसची. लाल झग्यातल्या सांताक्लॉजचा हा पूर्वज चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावी बिशप होता. दंतकथा अशी की एका बुडालेल्या माणसाला तीन मुली होत्या, हुंड्याला पैसा नव्हता, आणि मुली विकण्याची पाळी आली होती. निकोलसने रात्री खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली. मग दुसऱ्या मुलीसाठी दुसरी, तिसरीसाठी तिसरी. हुंडा देऊन प्रश्न सोडवणं आपल्याला आज खटकेल, खटकलंच पाहिजे. पण कथेतल्या तीन गोष्टी बघण्याजोग्या आहेत. गरज होती तेवढी पूर्ण रक्कम दिली, मनाच्या समाधानापुरती चिल्लर नव्हे. ती अनर्थ घडण्याआधी दिली, घडल्यावर सांत्वनाला नव्हे. आणि रात्री दिली, म्हणजे त्या बापाला दुसऱ्या दिवशी बाजारात मान वर करून चालता आलं.

हे तीन निकष घेऊन पेण-रोह्याच्या कातकरीवाड्यांकडे वळलं की नाताळातल्या बऱ्याचशा दानधर्माची पंचाईत होते. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. रायगडात त्यांची वस्ती मोठी. पूर्वी काताचा धंदा, मग कोळसा पाडणं, आता वीटभट्टी. पावसाळ्यात लावणी उरकली की मजुरी आटते, श्रावण-भाद्रपदात घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीवाल्या शेठकडून उचल घ्यायची. ती उचल फेडायला दिवाळीनंतर बायकापोरांसह भट्टीवर जायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं. हिशेब शेठच्या वहीत. बऱ्याचदा हंगाम संपतो पण देणं संपत नाही, आणि पुढच्या वर्षीचा मुक्काम आधीच ठरून जातो. पोरांची शाळा मध्येच सुटते, ते वेगळंच.

आता बघा. पंचवीस डिसेंबरच्या आसपास शहरातून गाड्या भरून ब्लँकेट, केक, जुने कपडे येतात, तेव्हा वाडीतली निम्मी दारं लावलेली असतात. मागे राहिलेत म्हातारे, आजारी माणसं, आश्रमशाळेतून सुटीला आलेली एखाद-दुसरी पोरं. त्यांना ब्लँकेट मिळू नये असं कोण म्हणेल? थंडी खरी आहे. पण ज्या घडीला त्या घराला हात हवा होता ती ऑगस्टमध्ये येऊन गेली. तेव्हा कोणी दारात नव्हतं, शेठ होता. निकोलसची थैली मुलगी विकली जाण्याआधी पडली. आपली थैली कुटुंब भट्टीला बांधलं गेल्यावर चार महिन्यांनी पडते. घेणाऱ्याचं पंचांग वेगळं आणि देणाऱ्याचं वेगळं. म्हणून नाताळात गोळा झालेला पैसा नाताळातच संपवायची घाई सोडणं, तो बाजूला ठेवून पावसाळ्यात धान्यासाठी, औषधासाठी, किंवा जातीचा दाखला आणि रेशनकार्ड मिळवण्याच्या खेपांसाठी वापरणं, हे मला जास्त ख्रिस्ती वाटतं. फोटोत ते नीट येत नाही, हे खरं. भर पावसात तहसील कचेरीच्या व्हरांड्यात ताटकळणाऱ्या बाईबरोबर बसून राहण्याचा फोटो काय काढणार?

देण्याचा विचार या मातीत नवा नाही. पेण तालुक्यातल्या गागोदे गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भाव्यांचा जन्म झाला. बालपणाची पहिली वर्षं त्यांनी तिथेच काढली. घरच्या झाडाचा फणस पिकला की आई आधी पोरांना गरे घेऊन शेजारीपाजारी पाठवायची आणि सगळ्यांकडे पोचल्यावर मग स्वतःच्या पोरांना वाढायची, ही आठवण विनोबा पुढे वारंवार सांगत. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत दलितांनी त्यांच्याकडे ऐंशी एकर जमीन मागितली, तेव्हा गावातल्या रामचंद्र रेड्डींनी उठून शंभर एकर देऊ केली. त्या दिवसापासून तेरा-चौदा वर्षं हा माणूस देशभर पायी जमीन मागत फिरला. मागण्याची रीत अशी: तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझी वाटणी द्या. भीक नाही, उपकार नाही. घरातला एक वारस वाढला, एवढंच.

या विनोबांनी बायबलचा कसून अभ्यास केला होता. त्यातल्या निवडक वचनांचं त्यांनी केलेलं ‘ख्रिस्तधर्म-सार’ हे संकलन प्रसिद्ध आहे. माझ्या मते नाताळच्या दानाचा अर्थ गागोद्याच्या या माणसाच्या मागणीत जितका स्वच्छ कळतो, तितका अनेक प्रवचनांत कळत नाही. जागा नसलेलं एक बाळ आपल्या घरी आलं, असं ख्रिस्ती माणूस दरवर्षी म्हणतो. आलं असेल तर त्याचा वाटा काढायला नको? आणि तो वाटा जेवण उरकल्यावर पातेल्यात उरलं-सुरलं त्यातून काढायचा, की ताटं वाढतानाच?

विनोबांच्या या भूदान चळवळीची दुसरी बाजूही बघायला हवी. चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीची दानपत्रं झाली, पण त्यातली कितीतरी जमीन खडकाळ, वादातली, नापीक निघाली. बरीच कधी वाटलीच गेली नाही. जे नको होतं ते अनेकांनी दिलं. ख्रिस्ती घरांतून नाताळला निघणाऱ्या जुन्या कपड्यांच्या गाठोड्यांतही हाच प्रकार असतो: तुटलेल्या चेनच्या पँट, ऊनवारा सहन न होणारे नायलॉनचे फ्रॉक, एका पायाचा बूट. कपाट रिकामं करण्याच्या कामाला दान म्हणू नये, त्याला साफसफाई म्हणावं.

येशूने याबाबतीत एक माप घालून दिलं आहे. यरुशलेमच्या मंदिरात दानपेटीसमोर बसून तो बघत होता. श्रीमंत लोक भरपूर टाकत होते, आणि एका विधवेने तांब्याची दोन नाणी टाकली. त्याच्या हिशेबाने तिचंच दान मोठं, कारण तिने शिलकीतून दिलं नाही, पोटाला चिमटा घेऊन दिलं. या प्रसंगावरून गरिबांकडून शेवटचा रुपया काढणारे प्रचारक आपल्याकडे कमी नाहीत. ते विसरतात की त्याच्या आधीच्याच वाक्यांत विधवांची घरं गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांवर येशूने कोरडे ओढले आहेत. माप देणाऱ्याने स्वतःला लावायचं आहे, दुसऱ्याला नाही.

पौलाचं वागणं याहून व्यवहारी. यरुशलेममधल्या गरीब ख्रिस्ती लोकांसाठी त्याने मासेदोनिया आणि करिंथ इथल्या मंडळ्यांकडून वर्गणी जमवली. करिंथकरांना त्याने कळवलं, मी आल्यावर धावपळ नको, आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या कमाईच्या मानाने थोडं बाजूला काढून ठेवा. आणि पैसे पोचवताना कोणी बोट दाखवू नये म्हणून बरोबर विश्वासातली, मंडळ्यांनीच नेमलेली माणसं घेतली. दोन हजार वर्षांपूर्वीची ही हिशेबाची चाड आज वर्गणीची पावती मागितल्यावर कपाळाला आठ्या घालणाऱ्या काही कारभाऱ्यांनी वाचायला हरकत नाही.

थोडं थोडं, पण नेमाने काढून ठेवण्याची ही रीत वेगवेगळ्या ठिकाणी सापडते. मिझोराममधल्या ख्रिस्ती बायका १९१० सालापासून प्रत्येक जेवणाच्या तांदळातून मूठभर वेगळे काढतात आणि चर्चला देतात. एका गरीब डोंगराळ समाजाचं केवढं तरी काम त्या मुठींवर उभं राहिलं. विनोबांचं सर्वोदय-पात्र याच जातीचं. घरात एक भांडं ठेवायचं आणि रोज मूठभर धान्य त्यात टाकायचं, तेही लहान मुलाच्या हाताने, म्हणजे मूठ लहान आणि सवय मोठी. नाताळाआधीचे चार रविवार ख्रिस्ती पंचांगात आगमनकाळ म्हणून पाळले जातात. त्या काळात घरोघरी असं एक भांडं ठेवणं सहज जमण्यासारखं आहे. पेणकडे तांदळाची वाण नाही.

रोह्याने या विचारात वेगळी भर घातली. पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९२० चा, रोह्याचा. त्यांच्या स्वाध्याय परिवाराला धर्मादाय पैशांचं वावडं होतं. माणसाने वेळ आणि कौशल्य द्यावं, यावर त्यांचा भर. स्वाध्यायी स्वखर्चाने गावोगाव जात, शिदोरी बरोबर नेत, ज्यांच्या दारी जात त्यांच्यावर जेवणाचा भार टाकत नसत. योगेश्वर कृषीच्या शेतात गावातले लोक पाळीपाळीने राबतात. पीक कोणा एकाचं नसतं, देवाचं असतं, आणि गरजवंताला त्यातलं दिलं जातं ते प्रसाद म्हणून. प्रसाद घेताना कोणाची मान खाली जात नाही. निकोलसने अंधारात जे साधलं ते शास्त्रीबुवांनी दिवसाढवळ्या साधलं. १९९७ साली त्यांना टेम्पल्टन पुरस्कार मिळाला, आणि तो स्थापन करणारे जॉन टेम्पल्टन प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती होते. एका हिंदू माणसाकडून देणं शिकायला त्यांना संकोच वाटला नाही. रोह्याच्या ख्रिस्ती लोकांनाही वाटू नये. कारखान्यात फिटर असलेला माणूस एखाद्या वाडीतला बंद पडलेला हातपंप दुरुस्त करून देऊ शकतो, नर्सबाई महिन्यातून एक सकाळ रक्तदाब तपासून देऊ शकतात, बँकेतला माणूस खातं उघडायचा अर्ज भरून देऊ शकतो. यात त्यांचा पगारी वेळ जातो, म्हणूनच त्याला किंमत आहे.

इथे एका अवघड विषयाला हात घालावा लागेल. ख्रिस्ती माणूस आदिवासी वाडीत काही घेऊन गेला की शंका येते: हे आमिष तर नव्हे? ही शंका निव्वळ द्वेषातून येते असं म्हणून तिला झटकता येत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत अन्नछत्र, अनाथालय आणि बाप्तिस्मा यांच्या सरहद्दी पुष्कळदा धूसर होत्या. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनावर १८९३ मध्ये हाच आरोप झाला. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंच्या कामाची थोरवी मात्र त्याने पुसली जात नाही. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत त्यांनी शेकडो मुली-बायकांना मरणाच्या दारातून केडगावला आणलं, आणि त्यांच्या हातात भिक्षापात्र दिलं नाही, कसब दिलं: विणकाम, शेतीकाम, छपाई. मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं.

आमिषाच्या प्रश्नाला उत्तर शुभवर्तमानातच आहे आणि ते कडक आहे. मेजवानी द्यायची तर परतफेड करू शकणाऱ्यांना बोलावू नका. गरीब, लुळे, आंधळे यांना बोलवा, असं येशू सांगतो. परतफेड म्हणजे फक्त पैसा नव्हे. कृतज्ञता, हजेरी, नाव बदलणं, सभेत येऊन साक्ष देणं ही सगळी परतफेडच. ब्लँकेटबरोबर पत्रक दिलं की ब्लँकेटची किंमत वसूल केली. आणि पत्रक न देता फक्त फोटो काढला, तरीही केलीच. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, असं सांगणाऱ्या धर्माच्या माणसांनी फोनचा कॅमेरा कोणत्या हातात धरायचा, हे ज्याने त्याने ठरवावं.

उलट टोकाचीही गंमत आहे. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक देण्याच्या बाबतीत इतके सढळ की घरात आलेला पैसा त्यांच्या हाती टिकत नसे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. या औदार्यापायी घरात काय काय होई ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये मिस्किलपणे, मधूनच चिडून लिहून ठेवलं आहे. दात्याची चरित्रं पुष्कळ आहेत, दात्याचा संसार चालवणाऱ्या बाईचं असं एकच. नाताळला घरचा माणूस उदार होतो तेव्हा फराळाच्या करंज्या कोण तळतं, पाहुण्यांची अंथरुणं कोण घालतं, भांड्यांचा ढीग कोण उपसतं, ही चौकशीही दानाच्या हिशेबात धरायला हवी. वाटणी घरातूनच सुरू होते.

देण्याने आनंद होतो का, यावर मानसशास्त्रज्ञांनीही डोकं घातलं आहे. २००८ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एलिझाबेथ डन, लारा अॅकनिन आणि मायकेल नॉर्टन यांचा एक प्रयोग छापून आला. कॅनडातल्या विद्यार्थ्यांना सकाळी पाच किंवा वीस डॉलर देऊन सांगितलं, संध्याकाळपर्यंत खर्च करा. काहींनी स्वतःवर, काहींनी दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त आनंदी निघाले, आणि रक्कम पाच होती की वीस, याने फरक पडला नाही. पुढे २०१३ च्या एका अभ्यासात दिसलं की दान कोणाच्या, कसं उपयोगी पडलं हे देणाऱ्याला स्पष्ट दिसतं तेव्हा समाधान वाढतं. एका मच्छरदाणीसाठी दिलेले पैसे आणि एका मोठ्या संस्थेच्या सर्वसाधारण निधीत टाकलेले पैसे यांत मच्छरदाणी जिंकली. यातून लगेच स्वतःच्या आनंदासाठी दान करा, असं म्हणणारे व्याख्याते निघाले. मला ते पटत नाही. गरीब माणूस म्हणजे आपल्या मनःशांतीचं औषध नव्हे. पण प्रयोगातलं एक सूत्र उपयोगी आहे, ते ओळखीचं. चेहरा माहीत असला, नाव माहीत असलं, पुढच्या खेपेला दुरुस्त केलेला तो हातपंप चालू आहे की नाही हे विचारता आलं, की देणं आणि आनंद यांची गाठ पडते.

आणि ओळख एकाच बाजूने होत नाही. गोव्यात, मंगळूरकडे नाताळला करंज्या, दोदोल, कलकल असा फराळ ताटात भरून शेजाऱ्यांकडे पाठवायची रीत आहे, मग शेजारी कोणत्याही धर्माचे असोत. ताट रिकामं परत पाठवायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज सगळ्यांना ठाऊक आहे. शेजाऱ्यांशी आपण तो पाळतो, वाडीत गेलो की विसरतो. तिथे आपण फक्त द्यायला जातो, घ्यायची तयारी नसते. कातकरी म्हातारी निघताना पिशवीत चार करांदे घालते, एखादा पोरगा खाडीतल्या चिंबोऱ्या दोरीत बांधून आणून देतो, तेव्हा शहरी पाहुणे संकोचाने म्हणतात, नको नको, तुम्हालाच ठेवा. तो नकार तिला लागतो. करांदे घ्यावेत, घरी आणून राखेच्या पाण्यात नीट उकडावेत, कडूपणा जाईपर्यंत पाणी बदलावं, आणि नाताळच्या ताटात केकच्या शेजारी वाढावेत. पुढच्या खेपेला म्हातारी विचारणारच, कसे लागले?